बसवत नाही

तिसऱ्या आठवड्यातही तपासणीच्या तक्त्यात शून्यच आलं, तेव्हा सिस्टरने पेन टेबलावर आपटलं.

समोर तरुण घड्याळजी खुर्चीत बसला होता, दगडासारखा. तिने त्याला दोन मिनिटं बसवून पाहिलं, दोन मिनिटं उभं करून पाहिलं. ना पाय हलले, ना बोटं थरथरली. आतून तगमग होते का, असं विचारलं. तो नाही म्हणाला. मागच्या दोन्ही वेळी एवढंच म्हणाला होता.

आणि दर वेळी तो बाहेर गेला की त्याची आई दारात उभी राहून भलतंच सांगायची. जागेवर बसवत नाही, पायांत वारूळ फुटल्यासारखं होतं, जेवतानाही ताट हातात घेऊन फिरावं लागतं. शिवाय गोळ्या वेळेआधीच संपायच्या, सांडल्या म्हणायची. ही तगमग मानसिक आजारावरच्या या गोळ्यांमुळेच होते, हे सिस्टरला पाठ होतं. आईचं बोलणं तिने फाइलमध्ये जसंच्या तसं उतरवलं होतं. त्यावरून डॉक्टर तिलाच झापत होते. आई म्हणते बसवत नाही, तुमचा तक्ता म्हणतो शून्य. मी कुणाचं खरं धरू? आज छडा लागला नाही, तर ते गोळीच बदलणार होते.

तिला नेमकं तेच नको होतं. दोन वर्षं ज्याने घड्याळाला हात लावला नव्हता, तो या गोळीने पुन्हा दुकानात जाऊ लागला होता. नवी गोळी लागू पडली नाही तर?

तिने त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि आईला आत घेऊन दार लोटलं. बसा म्हटलं, तरी आई बसेना. खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. पोराच्या काळजीने आयांचं असंच होतं. सिस्टरने आवाजातला वैताग कसाबसा गिळला.

"काकू, आज एकदाच नीट सांगा. तो घरात कधी फिरतो? सकाळी, की गोळी घेतल्यावर?"

"तो कुठे फिरतो? तो शांत असतो."

"मग बसवत कुणाला नाही?"

आईने बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"मला. पण त्याला कळू देऊ नका, नाहीतर गोळ्या सोडून देईल. गोळीत विष आहे म्हणतो. रोज त्याच्यादेखत आधी एक मला घ्यावी लागते."