लाल माशांची पाठवणी

कडूबा हौदाच्या काठावर उकिडवा बसला आणि त्याने पहिलंच विचारलं, "बाई, हे मासे आजारी-बिजारी तर नाहीत ना? असेच मरत तर नाहीत?"

अन्नपूर्णाबाईंना माणूस तिथेच आवडला. आतापर्यंत मासे मागायला जो आला त्याने मासा किती भरेल हेच नजरेने जोखलं होतं. शेजारच्या सिंधूताईंच्या जावयाने तर कालवण कसं करायचं तेही मनात ठरवून टाकलं होतं. बाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

"सहा उन्हाळे काढले त्यांनी या हौदात," त्या म्हणाल्या. "विनाकारण एकही मेला नाही."

हे ऐकून कडूबाचा चेहरा जरा सैल झाला.

जळगाव जामोदच्या त्या घरामागची बाग नारायणरावांची. तहसील कचेरीतून आले की सदरा काढून ते थेट गुलाबांत शिरायचे. हौद त्यांनीच बांधून घेतला. नागपूरहून डब्यातून लाल मासे आणले, तेव्हा सगळ्या आळीने त्यांना वेड्यात काढलं होतं. शेवटच्या दुखण्यात त्यांनी बायकोकडे एकच मागितलं. घर विक, हवं तर बाग मोड, पण यांना कोणाच्या ताटात जाऊ देऊ नकोस. कुठेतरी पाण्यात सुखाने राहू देत. बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

आता घर विकलं गेलं होतं. घेणारा हौद बुजवून तिथे सरकीची पोती रचणार होता. मुलाच्या अकोल्याच्या दोन खोल्यांत आईलाच जागा कशीबशी होती, तिथे मासे कुठे ठेवणार? देवळाच्या बारवेत सोडावेत, तर ती चैत्रात कोरडी पडते. नवरा गेला, घर गेलं, आता त्याला दिलेला शब्दही जाणार हा विचार बाईंना सोडत नव्हता.

अशात हा कडूबा आला. डोंगराकडच्या वस्तीवरचा कपाशीवाला. गळ्यात तुळशीची माळ.

"माळकरी हाओ मी, बाई. घरात मासा शिजत नाही. आमच्या विहिरीत सोडतो."

एवढ्या लांबून माशांसाठी काऊन आलास, असं बाईंनी विचारलं.

"घरात लहान लेकरू हाय. नातू. त्याच्यासाठी पाह्यजेत."

बाईंना गहिवरून आलं. विहिरीच्या काठावर आजाच्या मांडीवर बसून मासे बघणारं पोर त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. सगळेच घेऊन जा, त्या म्हणाल्या. पण कडूबा नको म्हणाला. आत्ता थोडेच द्या, लागले तर पुन्हा येईन. हावरट नाही माणूस, असं बाईंनी मनाशी म्हटलं. त्यांनी दिलेलं तांब्याभर पाणी तो एका दमात प्यायला आणि संकोचत आणखी एक तांब्या मागितला. मग हंड्याच्या तोंडावर ओलं फडकं बांधून निघाला. कणकेच्या गोळ्या कशा घालायच्या हे बाई त्याला फाटकापर्यंत सांगत गेल्या. लेक सासरी धाडावी तसं त्यांना वाटत होतं.

थोड्या दिवसांनी तो पुन्हा आला. मासे रमले का, असं बाईंनी विचारलं तेव्हा तो जमिनीकडे बघत "हाव" म्हणाला आणि आणखी मागितले. नातवाचं मन भरत नाही म्हणायचं! बाईंनी हौसेने दिले.

तिसऱ्या खेपेला तो पार वाळलेला दिसला. हौदात आता नारायणरावांचे लाडके, त्यांच्या बोटांतून खाणारे मोठे मासे तेवढे उरले होते. ते देताना बाईंचा हात थांबला. कडूबाने हात जोडले.

"एवढे द्या, बाई. मंग नाही मागत."

बाईंनी दिले. त्या रिकाम्या हौदाकडे पुन्हा बघवेना, म्हणून त्या घरात निघून गेल्या.

अकोल्याला जायच्या आधी एकदा डोळे भरून मासे बघावेत, म्हणून त्या कणकेच्या गोळ्यांचा डबा घेऊन एसटीने निघाल्या आणि पुढे वस्तीपर्यंत चालत गेल्या. कडूबा शेतात होता. नदीकडून त्याची सून कोकिळा डोक्यावर दोन घागरी घेऊन धापा टाकत आली. कडेवर पोर. मासेवाल्या बाई याच, हे कळताच तिने घागरी उतरवल्या आणि बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. बाई संकोचल्या. चार माशांचं एवढं काय!

त्या विहिरीच्या काठाशी गेल्या. खाली हिरवट पाण्यात काहीतरी लाल हललं. मग आणखी एक. नारायणरावांचाच तो, मोठ्या शेपटीचा. बाईंचे डोळे वाहू लागले. शब्द राखला आपण, त्यांना वाटलं, आणि कित्येक महिन्यांनी छाती हलकी झाली. त्यांनी एक गोळी पाण्यात टाकली आणि पोराच्या गालाला हात लावला.

"याला रोज दाखवतेस ना मासे?"

कोकिळाने पोराला छातीशी ओढलं.

"इकडे फिरकूही देत नाही, मावशी. पराटीवरच्या किडीले मारायचं औषध विहिरीत सांडलं, तवापासून या पाण्याचा थेंब नाही घेतला आमी. तुमचे पयले मासे राताराती उलटे झाले, मंग सारं पाणी उपसलं तं दुसरे दोन दिवस टिकले; आता हे जगले तं मामाजी म्हणतात, उद्या म्हशीले पाजून पाहू."