पोहोचल्यावर पैसे

"ताई, पैसे आले," एवढंच बोलून बँकेचे खोतसाहेब खुर्चीत बसले. फोनवर सांगायची गोष्ट सांगायला ते स्वतः इचलकरंजीच्या फौंड्रीत धावत आले होते.

वैजयंताताईंच्या पणजोबांनी इथंच एका अंतराळयानाचे व्हॉल्व्ह ओतले होते. यान दुसऱ्या सूर्याकडे निघालं, तेव्हा गिऱ्हाइकानं बँकेत रक्कम ठेवली आणि सांगितलं, पोहोचल्यावर संकेत पाठवू, मग उचला. पुढं दरवर्षी ऑडिटर म्हणायचा, हे बुडीत दाखवा. पण तसं दाखवायचं म्हणजे यानातली माणसं मेली असं मान्य करायचं. आजोबांनी ते केलं नाही, आईनं केलं नाही, ताईंनीही नाही.

संकेतासोबत निरोप होता: ‘आजच उतरलो. व्हॉल्व्ह अजून गळत नाहीत. पैसे घ्या.’

ताईंनी निरोप दोनदा वाचला.

खोतसाहेबांनी घसा खाकरला. "एक अडचण आहे. वसुलीला शंभर वर्षं लागली असं लिहिलं, तर तुमच्या वसुलीच्या दिवसांची सरासरी बघून वरचे लोक नवं कर्ज देणार नाहीत."

"तिथून इथं निरोप यायला किती वेळ लागतो?"

"प्रकाशाच्या वेगानं आला तरी एकतीस वर्षं."

ताई खिडकीशी गेल्या. बाहेर लख्ख दुपार होती, एकही तारा दिसत नव्हता. त्यांचं लग्नही झालं नव्हतं, तेव्हापासून हे पैसे वाटेत होते.

"म्हणजे नव्या जमिनीवर पाठ टेकायच्या आधी त्यांनी आपलं देणं भागवलं," त्या हळूच म्हणाल्या. "लिहा साहेब. वसुलीला लागलेले दिवस, शून्य."