काचेखाली तरंगणारी

"विश्वाचं रहस्य हाती लागलं!" निवृत्त पोस्टमास्तरांनी भर प्रयोगशाळेत जाहीर केलं. पासष्टाव्या वर्षी जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या या विद्यार्थ्याकडे बाकीच्या पोरांनी सवयीने दुर्लक्ष केलं.

बघायचा होता कांद्याचा पापुद्रा. पण सूक्ष्मदर्शकात काळ्याभोर काठाचा, आतून उजळलेला एक गोल जीव पाण्यात संथपणे तरंगत होता. असं काही कुणी पाहिलंच नसणार, अशी मास्तरांची खात्री झाली. तासभर खपून त्यांनी त्याचं चित्र काढलं आणि खाली आपल्या बायकोचं नाव लिहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला "अगं ए" यापलीकडे हाक मारली नव्हती. ती गेली आणि ते राहूनच गेलं.

बाईंनी भिंगाला डोळा लावला.

"काका, हा हवेचा बुडबुडा आहे. वरची काच तुम्ही धपकन टाकलीत. ती तिरकी टेकवून हळूच सोडायची असते."

मास्तर ओशाळले. "आमच्या हिचं नाव दिलं होतं त्याला," म्हणत त्यांनी खोडरबर काढून नावावर टेकवलं.

"थांबा." बाईंचा डोळा भिंगालाच होता. "नाव राहू द्या. आणि तेवढा टेबलावरचा कोपर काढा, हलताहेत काकू."