सुधारित आवृत्ती

"सर, तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. थोड्या वेळाने पुन्हा विचारीन," डॉक्टर म्हणाला. "छत्री, मांजर, पूल."

सर खुर्चीत ताडकन सरळ झाले. "मला तपासतोस? विसरभोळेपणा ओळखायची ही पद्धत माझी आहे! माझं पुस्तक घोकून डॉक्टर झालास आणि गुरूची विद्या गुरूलाच का रे?"

"ताईंना वाटलं, एकदा बघून घ्यावं..."

"तिला काय कळतंय! आणि बघायचंच तर धड तरी बघ. शब्द चुकलेत तुझे. दोरी, लिंबू, खिडकी! झोपेतून उठवून विचार, हेच सांगेन."

"बाबा, जरा हळू," शेजारी बसलेली मुलगी म्हणाली.

"हळू का म्हणून? एकेक शब्द पारखून घेतलाय मी. हा कोण टिकोजी लागून गेला बदलणारा?"

डॉक्टरने टेबलावरचं सरांचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. नवी आवृत्ती होती. पानावर तेच छापलेलं होतं: छत्री, मांजर, पूल.

सरांच्या मस्तकात तिडीक गेली. पानावर मूठ आपटत ते ओरडले, "माझ्या पुस्तकात ढवळाढवळ? कुठल्या दीडशहाण्याने केली? नाव सांग, सोलून काढतो त्याला!"

मुलीने त्यांच्या मुठीखालून पुस्तक हलकेच ओढून घेतलं.

"गेल्या वर्षी तुम्हीच बदललेत, बाबा. म्हणालात, जुने शब्द आता सगळ्यांना पाठ झालेत. विसरणारासुद्धा धडाधड सांगतो."