सरांचं मशीन

निम्मा तांब्या कीबोर्डवर कलंडला आणि स्वराच्या तोंडून निघालं, "अगं बाई!" झेंडूच्या फुलानं चार थेंब शिंपडायचे होते फक्त. तिनं पदरानं पुसलं, फुंकर मारली, घाबरत घाबरत बटण दाबलं. टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

खंडेनवमी होती. घरातल्या हत्यारांची पूजा. मास्तरांच्या घरात कसली आलीत हत्यारं? विळी, पक्कड, नवऱ्याची, मुकुलची मोटरसायकल आणि सासऱ्यांचं मशीन. मशीनची पूजा दरवर्षी वामन सर स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. यंदा त्यांचा गुडघा धरला होता. ते अंघोळ करून यायच्या आत आपणच उरकून टाकावं, असं सुनेला वाटलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

मशीन म्हणजे आजचा कम्प्युटर नव्हे बरं का. सर शाळेत गणित शिकवायचे, तेव्हा शहाऐंशी साली त्यांनी हौसेनं घेतलेला तो कीबोर्डवाला डबा. टीव्हीला जोडायचा आणि त्यावर बेसिक नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायचे. जालन्यातली पोरं चपला बाहेर काढून तो बघायला येत. सर रिटायर झाले, ती पोरं आजोबा व्हायला आली, तरी डबा जागचा हलला नाही. गेली सात वर्षं तर सर सकाळ-संध्याकाळ समोरच्या खोलीत त्याच्यापुढे बसून टकटक करत. तिरीप येते म्हणून टीव्हीचं तोंड कोपऱ्याकडे. कुणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर मिळे, "प्रोग्राम अर्धवट आहे. मशीन हलवलं की संपलं. मी जालना सोडून कुठं येत न्हाई."

आणि म्हणून मुकुल अडकून पडला होता. वय चव्वेचाळीस. नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत तेच टेबल, तोच रस्ता, घरी तीच टकटक. सात वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला पुण्याला पाठवलं होतं. चार महिन्यांत परत आला. वडिलांना एकटं कसं टाकणार? गल्लीतल्या बायका त्याला श्रावणबाळ म्हणायच्या. तो हसायचा आणि घरात येऊन बायकोवर चिडायचा, "दाव्याला बांधलंय मला या मशीननं!" आता पुण्याहून पुन्हा बोलावणं आलं होतं, मोठ्या जागेवर. एक तारखेला हजर व्हायचं होतं. स्वरानं तर मनातल्या मनात भांडीसुद्धा बांधायला घेतली होती.

सर टॉवेलनं डोकं पुसत खोलीत आले. ओला कीबोर्ड बघितला, सुनेचं रडवेलं तोंड बघितलं. रागावले नाहीत. मग दारात उभ्या मुकुलकडे बराच वेळ बघत राहिले.

"दुरुस्त झालं तर बरं," ते म्हणाले. "न्हाई झालं, तर मी पुण्याला यायला मोकळा."

स्वराचा चेहरा उजळला. आता नवरा काय बोलतो म्हणून ती बघायला लागली. मुकुल मात्र झटकन मशीनकडे धावला. का धावला, ते त्यालाही कळेना. बाबांचा जीव आहे त्यात, एवढंच त्याला सुचलं. त्यानं वायरी उपटल्या, मशीन टॉवेलात गुंडाळलं आणि मोटरसायकलला किक मारली.

"अहो, सणाचं कुठं निघालात?" स्वरा मागून ओरडली.

"जल्दी आलो!"

रस्त्यात मशीन त्याच्या मांडीवर होतं. पाच वर्षांचा असताना तो असाच बाबांच्या मांडीवर बसायचा. दहा नंबरच्या ओळीत प्रिंट आणि आपलं नाव. वीस नंबरच्या ओळीत गोटू दहा, म्हणजे परत दहावर जा. रन म्हटलं की सगळ्या टीव्हीभर मुकुल, मुकुल, मुकुल, खालून वर धावत सुटलेला, थांबायचं नावच नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरून भोकाड पसरलं होतं त्यानं. बाबांनी एक बटण दाबून ते थांबवलं आणि त्याचे डोळे पुसले. ते आठवलं आणि त्याला भर रस्त्यात रडू आलं.

स्टेशनजवळ राधेश्यामचं टीव्ही दुरुस्तीचं जुनं दुकान. सणाचं अर्धं शटर खाली होतं. मुकुलनं वाकून मशीन काउंटरवर ठेवलं. राधेश्यामनं टॉवेल बाजूला केला आणि चष्मा वर ढकलला.

"अरे, हे तर वामन सरांचं! तुम्ही पण त्यांचे विद्यार्थी काय?"

मुकुलनं मान हलवली. खोटं नव्हतंच ते. "पाणी गेलंय आत. काय खर्चा येईल तो येऊ द्या. पण आजच्या आज चालू करून द्या. करावंच लागेल."

"पाण्यानं काय व्हायचंय त्याला?" राधेश्याम हसला. "हे सात वर्षांपूर्वीच मेलंय. सर सोता घेऊन आल्ते माझ्याकडं. मी बिलकुल साफ सांगितलं, सर, ह्याचा पार्ट आता दुनियेत मिळत न्हाई, भंगारात द्या. तर म्हणले, राहू दे राधेश्याम, टेबलावर मांडून ठेवतो. माझं पोरगं पुण्याहून वापस आलंय, तिथं जमलं न्हाई त्याला. लोक विचारून राह्यले, का आला म्हणून. त्याला सांगायला कायतरी पाहिजे ना."