तलावापर्यंत

नवरा वारल्यापासून आठ महिने तिने गाडीला हात लावला नव्हता. तिला चालवताच येत नव्हती. शेवटी मन घट्ट करून विकायला काढली, तर इंजिन जाम झालेलं निघालं. वॉरंटी अजून शिल्लक होती, म्हणून तिने गाडी ओढून वर्कशॉपमध्ये आणवली. मॅनेजरने क्लेम साफ नाकारला.

"मॅडम, ऑइल न बदलता गाडी एवढी पळवलीत, तर कंपनी वॉरंटी कशी देईल?"

"पळवली? अहो, आठ महिने गॅरेजला कुलूप आहे. किल्ली माझ्या कपाटात असते."

शब्दाने शब्द वाढला, तेव्हा त्याने स्क्रीनच तिच्याकडे वळवला.

"गाडीतली नोंद खोटं बोलत नाही. ही बघा. शनिवार-रविवार सोडून रोज सव्वापाचला निघते, पोहण्याच्या तलावापाशी दहा मिनिटं थांबते आणि घरी परत. अगदी गेल्या गुरुवारपर्यंत."

काचेपलीकडे, तपासायला उतरवलेलं इंजिन साखळीला लटकत होतं. साडेपाच वाजून गेले होते. लेकीचा पोहण्याचा क्लास एव्हाना सुटला असणार. तिने फोन लावला.

"बाळा, बस मिळाली का गं?"

"मी कुठे बसने येते, आई?" लेकीला जरा धाप लागली होती. "सध्या गाडी नाही ना, म्हणून बाबा म्हणाले, चालतच जाऊ."