रिकाम्या ट्रकचे वजन

आमच्या कबुतर शर्यत महासंघाच्या सामाईक ट्रकला भरल्या फेरीइतकेच डिझेल रिकाम्या फेरीलाही लागत असे. त्यामुळे खजिनदार या नात्याने माझा संशय थेट चालकावर, म्हणजे माझ्या मेव्हण्यावर होता. कबुतरे दूर नेऊन सोडली की परतताना तो चोरून कुणाचा तरी माल आणत असणार.

या खेपेस मी जाताना आणि येताना ट्रक वजनकाट्यावर चढवला. येताना पिंजरे रिकामे होते. वजन मात्र तसूभरही घटले नव्हते.

“माल कुठे दडवलास? उद्याच्या सभेत तुझी नोकरी जाईल.”

“भाऊजी, शोधा की! तुमचा संशयच भरलाय मागे, तोच जड झाला असेल.”

मी आसने उचकटली, पिंजऱ्यांचे तळ ठोकून पाहिले. काहीही सापडले नाही.

घरी, याच ट्रकमधून गेलेली माझी राखी मादी शर्यत संपवून केव्हाच ढाबळीत परतली होती. शर्यतीनंतर पक्ष्याचे वजन करण्याचा आमचा शिरस्ता आहे. आधी मी घरीच राहिलेल्या नराला ठेवून तराजू तपासला. काटा नेहमीसारखा सरकला.

मग मी तिला ठेवले. ती शांतपणे चोचीने पिसे साफ करत बसली आणि काटा शून्यावरच राहिला.